मेणानं सोललेले हात

कातडीच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलं की माणूस समोरच्याचे हातपाय आधी बघतो आणि तोंड नंतर. मीही तेच करायचे. कुणाचा घोटा काळा पडलाय, कुणाच्या कोपरावर खवले आलेत, कुणी ओढणीखाली काय झाकलंय. मग मनात म्हणायचं, हिच्यापेक्षा आपलं बरं. कधी कधी उलटंही वाटायचं. हा काही चांगुलपणा नाही, पण सकाळपासून उपाशी बसलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त काय होणार?

माझ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "रशीदाताई, तुम्ही बोलता तसंच लिहून काढा. इथं येणाऱ्या बायकांना वाचायला देईन." मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले. अक्षर बरं आहे, पण आता बोटं लवकर थकतात, म्हणून थोडं थोडं लिहिलंय. घरी आमची बोली निम्मी हिंदी आणि निम्मी झाडीपट्टीची. इथं मी सगळ्यांना मराठीच बोलायला लावलंय. सासूबाई त्यावरून रुसतील, रुसू देत.

आम्ही मनियार. बांगड्या विकणं आणि भरणं हा घरचा धंदा. मूलच्या बाजारात आमचं दुकान आहे. नवरा सलीम आठवडी बाजार आणि जत्रा करतो, दुकानात मी आणि सासूबाई बसतो. सासूबाईंना सगळं गाव अम्मा म्हणतं, मीही तेच म्हणते. बांगडी विकायला कुणालाही जमतं. भरायला हात लागतो. समोरच्या बाईचा पंजा आपल्या पंजात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं, तिला बोलण्यात गुंतवायचं, आणि ती धानाचं नाहीतर नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगत असतानाच काच हाडावरून पार करायची. काच फुटली तर बांगडी आमची जाते आणि रक्त तिचं. त्यामुळे बाई दुकानात शिरली की आधी बांगड्या बघत नाही, भरणारीचे हात बघते. माझे हात चांगले होते. तेवढी एकच गोष्ट माझ्यात बघण्यासारखी होती, असं सलीम चिडवायचा.

कढई

हात घसरता करायला आम्ही आधी साबणाचं पाणी वापरायचो. मग तालुक्यातल्या बायकांसाठी साबण आणि क्रीम करायचं शिबिर झालं, तिथून मी क्रीम शिकून आले. त्यात एक पांढरं मेण लागतं. मधमाशीचं नव्हे, कारखान्यात होणारं, पापडाच्या चुऱ्यासारखं दिसणारं. ते नसलं तर तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नागपूरच्या व्यापाऱ्याकडून ते पोत्यानं यायचं. वितळवायचं, त्यात खोबरेल तेल आणि गुलाबपाणी घालायचं, आणि थंड होईपर्यंत घोटत राहायचं.

शिकवणाऱ्या मॅडमनं सगळं नीट सांगितलं होतं. हातमोजे घाला. पोतं ओतताना बारीक भुकटी उडते, नाकातोंडाला फडकं बांधा. मेण थेट आचेवर ठेवू नका, पेट घेतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. अंगावर उडालं तर ते चिकटून राहतं आणि भाजत राहतं, म्हणून लांब दांड्याची पळी घ्या. खाली सांडलं तर लगेच पुसा, पाय घसरतो. यातलं शेवटचं तेवढं आम्ही पाळलं, कारण पहिल्याच खेपेला अम्मा घसरून पडली. हातमोजे दोनदा घातले. त्यात पळी सटकायची, घामानं हात शिजायचे. तिसऱ्या वेळी ते खिळ्याला टांगले आणि तिथंच राहिले.

आणि आमच्या घरात भांडं पुसून घ्यायची रीत आहे. साईचं पातेलं असो, तुपाचं असो, अम्मा बोटानं कडा पुसते आणि हातापायाला चोळते. "बरकत धुऊन टाकू नाई," असं तिच्या सासूनं तिला सांगितलं आणि तिनं मला. क्रीम बरण्यांत भरून झालं की कढई जरा कोमट असतानाच मी दोन्ही हात आत घालायचे. कडेला चिकटतं ते नीट न मिसळलेलं मेणच. ते सगळं पुसून कोपरापर्यंत चोळायचे. हात तेलकट, चकचकीत दिसायचे. गिऱ्हाइकीण विचारायची, "काय लावता वो बाई?" मी बरणी दाखवायचे. आमची जाहिरात म्हणाल तर ती एवढीच होती.

वर्षभर काही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जो तो मला म्हणाला की इतके दिवस चालत होतं तर आताच काऊन? डॉक्टरबाई म्हणतात, या दुखण्याचं असंच असतं. अंग बरेच दिवस सोसतं आणि एक दिवस सोसायचं सोडतं. मला हे चटकन पटलं, बायकांचंही तसंच असतं.

खाज

धान निघायचे दिवस होते. लग्नसराई तोंडावर, म्हणून क्रीम जास्त केलं होतं. बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग बारीक पुरळ, मग भेगा. थंडीनं असेल म्हणून मी क्रीम लावलं. भेगा वाढल्या, मी आणखी क्रीम लावलं. अम्मा रोज संध्याकाळी मला समोर बसवून प्रेमानं क्रीम चोळायची, आणि रोज सकाळी हात जास्त लाल दिसायचा.

गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. दोन दिवस आराम पडला, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांनी दुसरं मलम दिलं. मी औषधाला कधी चुकले नाही. सकाळ-संध्याकाळ लावायला सांगितलं तर मी दुपारीही लावलं, लवकर बरं व्हावं म्हणून. आता पापण्याही सुजायला लागल्या होत्या. हात डोळ्यांना लागतात, नाकाला लागतात, हे आपल्याला कळतही नाही. मला वाटायचं रडून सुजतात.

सलीम वाईट माणूस नाही. त्यानं माझं ताट वेगळं केलं नाही की अंथरूण वेगळं केलं नाही. पण माझ्या हातची रोटी तोडताना तो किंचित थांबायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली की तेवढं थांबणंही दिसतं. मी रोट्या करायचं अम्माकडे दिलं आणि कारण सांगितलं की आच सोसत नाही.

हात मागं घेणं

आमच्या शेजारच्या गल्लीत कौसल्याबाई राहतात. माझ्या लग्नापासून त्या माझ्याकडेच बांगड्या भरत. पौषातल्या एका दुपारी त्या आल्या, बसल्या, हिरव्या रेषेच्या बांगड्या निवडल्या, आणि मी हात पुढे केला तसा त्यांनी आपला हात पदरात घेतला.

"तुमी नका भरू, रशीदाबी," त्या म्हणाल्या. "अम्माले भरू द्या."

"काऊन?"

"तसं काई नाई. तुमाले तरास होईन."

अम्मानं भरल्या. अम्माला आता दिसतं कमी आणि तिचे हात थरथरतात, दोन फुटल्या. कौसल्याबाईंनी रक्त पुसलं आणि तरी माझ्याकडे हात केला नाही.

आमच्या भागात हाताला काही झालं की लोकांच्या मनात एकच रोग येतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. मीही घेत नव्हते. सरकारी दवाखान्याच्या आशाताई गोळ्या वाटायला आल्या तेव्हा मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि हात दाखवले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि पेनाच्या टोकानं ठिकठिकाणी टोचत विचारलं, कुठी लागते ते सांग. मला सगळीकडे लागत होतं, जरा जास्तच.

"तुले तं समदं समजून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मंग तो रोग नोहय. अन् असता तरी भेवाचं काय? गोळ्या फुकट भेटते, बरा होते. लोकायले सांगून सांगून माहं तोंड दुखलं."

आपल्याला तो रोग नाही, याचा मला आनंद झाला. आणि ज्यांना आहे त्यांच्याकडे मी कशी बघत आले, तेही त्याच वेळी आठवलं. पण आशाताईंनी मला सांगितलं म्हणून बाजाराला थोडंच कळतं? गिऱ्हाइकं यायची, बांगड्या घ्यायची आणि म्हणायची, "बांधून द्या, घरीच भरतो." काचेच्या बांगड्या घरी कुणी भरत नाही. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आमचं दुकान लागतं. त्या वर्षी मी मागे खोक्यांजवळ बसले, कागद सोडवून बांगड्या पुढे द्यायला. हातांवर सलीमचे जुने मोजे चढवले होते. सलीम भरत होता, पण नव्या सुना पुरुषाच्या हातात हात द्यायला लाजतात, त्या पुढच्या दुकानी जात होत्या. एक बाई सलीमला विचारत होती, "ते मांगं बसली तिले काय झालं, भाऊ?" सलीम म्हणाला, "काई नाई, थंडी वाजते तिले." फाल्गुन जवळ आला होता आणि आम्ही सगळे घामानं निथळत होतो. वैनगंगेवरून वारा आला की मोज्यांच्या आत हात जळायचे. मला तेव्हा मरणाची भीती नव्हती. भीती एवढीच होती की आता आयुष्यभर मी मागेच बसणार.

जांभळं पाणी

जत्रेहून आलो आणि डोळे उघडेनात. हातांच्या भेगांतून पाणी, मग पू आणि ताप. सलीमनं ओळखीच्या माणसाची गाडी काढली आणि मला चंद्रपूरला आणलं. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात मला भरती केलं.

पहिलं काम नर्सबाईंनी सांगितलं ते बांगड्या काढायचं. मनगटं इतकी सुजली होती की बांगड्या मांसात रुतल्या होत्या. मराठीत हातातली बांगडी मुद्दाम काढताना फोडली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आमच्यात म्हणतात, ठंडी केली. नर्सबाई कात्री शोधत होत्या, त्यांना अम्मा म्हणाली, "तुमी राहू द्या, बाई. हे माहं काम हाये." तिनं मनगटावर ओला रुमाल गुंडाळला आणि आतून एकेक बांगडी दाबून ठंडी केली. काचेचा एक कण लागू दिला नाही. त्या दिवशी तिचे हात थरथरले नाहीत. मला डोळ्यांनी दिसत नव्हतं, फक्त कट् कट् ऐकू येत होतं. मी खूप रडले. दुखत होतं म्हणून नाही. मनियारणीचे हात बोडके झाले म्हणून.

मग वॉर्डातले दिवस सुरू झाले, एकासारखा दुसरा. पहाटे फिनेलचा वास, झाडू, मग डॉक्टरांची फेरी. त्यानंतर घमेल्यात औषधाचं जांभळं पाणी यायचं, त्यात हात बुडवून बसायचं. नखं तपकिरी झाली. मग हात कोरडे करून बँडेज. दोन्ही हात बांधलेले म्हटल्यावर बाकीचं तुम्हीच समजून घ्या. घास अम्मा भरवायची, केस ती विंचरायची, सलवारीची नाडी ती सोडायची. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अम्मा म्हणाली, "सलीमचं केलं, त्याच्या अब्बाचं केलं. तुहं करायले काऊन लाज?" तरी लाज वाटायचीच. अम्मा बाथरूमच्या दारात मुद्दाम दुसरीकडे बघत उभी राहायची.

शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक म्हातारी होती, पायाच्या जखमेसाठी. ती तेलुगू बोलायची, मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा अम्मा चहा आणायला गेली आणि माझ्या नाकाला खाज सुटली. हात बांधलेले. मी उशीवर नाक घासायला बघत होते. ती म्हातारी लंगडत आली, आपल्या बोटानं माझं नाक खाजवलं, मग कपाळ, मग न विचारता कानामागे, आणि काहीतरी बोलून परत गेली. त्यानंतर ती रोज यायची. दवाखान्यात माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं, पण नाव काढायचं तर मी त्या नाक खाजवण्याचं काढीन.

तापाच्या, सुजेच्या गोळ्यांनी अंग निवलं. डॉक्टरबाईंनी सगळी मलमं बंद केली आणि फक्त पांढरी पेट्रोलियम जेली लावायला दिली. हातांची साल निघाली, खाली गुलाबी कातडी आली. मी घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं.

पाठीवरचे तुकडे

डॉक्टरबाईंना मात्र कारण हवं होतं. गोळ्या संपून काही आठवडे गेल्यावर त्यांनी पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, "हाताला जे जे लागतं ते सगळं थोडं थोडं घेऊन या." मी स्टीलच्या डब्यात भरून नेलं: साबण, भांडी घासायचा चुरा, तेल, गुलाबपाणी, बांगड्यांची चमकी, मेणाचा चुरा, आमचं क्रीम, आधीची मलमं. त्यांनी एकेकाचा कण माझ्या पाठीवर पट्ट्यांखाली चिकटवला. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घाम येऊ द्यायचा नाही! मी हसले, त्याही हसल्या.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी सलीम बरोबर होता. तेलाच्या जागी काही नव्हतं. साबणाच्या जागी काही नव्हतं. मेणाच्या जागी कातडी लाल होऊन फुगली होती, वर बारीक पाण्याचे फोड. आमच्या क्रीमच्या जागीही तसंच. आणि आणखी एके ठिकाणी. डॉक्टरबाईंनी मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला.

"हे तिसरं काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही हाताला लावत होता ते मलम."

"त्यात काय असते जी?"

"औषध चांगलंच आहे. पण ते ज्यात कालवलंय, त्यात हेच मेण असतं. बहुतेक क्रीमांत असतं. लाखो लोक लावतात, त्यांना काही होत नाही. तुमच्या अंगाला ते चालेनासं झालंय."

म्हणजे दुखणं कढईतून आलं आणि त्यावरचा इलाज म्हणून मी पुन्हा तीच कढई चोळत बसले होते, दिवसातून तीनदा. सलीमनं मेणाचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, सीटोस्टेरील अल्कोहोल. सलीम दचकला. "दारू?" "नाही हो, रसायनाच्या नावात असतं तेवढंच," त्या म्हणाल्या. सलीम माझ्याकडे वळला. "तिकडं गडचिरोलीत दारूबंदी, अन् माही बायको हातानं पिऊन राह्यली." किती महिन्यांनी मी पोट धरून हसले. पाठ उघडीच होती.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला, जो मी विचारायला घाबरत होते. "मॅडम, ही बांगड्या भरू शकन का?"

"हात बरे होतील," त्या म्हणाल्या. "पण ही खोड आयुष्यभराची. मेण टाळलं तर भरू शकतील. नाही टाळलं तर पुन्हा इथं याल."

घरी

अम्माला सांगितलं तर ती कढईजवळ जाऊन बसली. "मीच म्हटलं होतं बरकत धुऊ नको," एवढंच म्हणाली आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी समजावलं की तुझा दोष नाही, तुला तरी कुठं माहीत होतं? त्यानं ती जास्तच चिडली. सलीम एकदा रागानं म्हणाला की त्या शिबिराला पाठवलंच नसतं तर बरं झालं असतं. त्यावर आमचं जोराचं भांडण झालं. शिबिरात जे सांगितलं ते मी केलं असतं तर बरं झालं असतं, हे मला त्याला ओरडून सांगावं लागलं. आजारी माणूस घरात असला की सगळे थकतात आणि थकलेली माणसं दोषी शोधत बसतात. आमच्या घरी ते बरेच दिवस चाललं.

उरलेलं पोतं शिबिरातल्या दुसऱ्या बायकांना दिलं. त्या अजून क्रीम करतात, हातमोजे घालून, लांब पळीनं, आणि कढई साबणानं धुतात. त्यांना काही झालेलं नाही. म्हणून मी कुणाला सांगत नाही की ते मेण विष आहे. सांगते ते इतकंच: काम करताना ते उघड्या हातांना रोज रोज लागू देऊ नका, आणि मलम लावून दुखणं वाढत असेल तर आणखी मलम लावू नका, मलम घेऊन डॉक्टरकडे जा. मी हे उशिरा शिकले आणि माझे हात आता पहिल्यासारखे दिसत नाहीत.

मूळ अडचण

दुकानात परत बसले तेव्हा वाटलं, जिंकलो. आशाताईंनी घरोघरी सांगितलं होतं, कौसल्याबाई स्वतः येऊन हात देऊन गेल्या. मी साध्या पाण्यानं भरत होते. आणि लगेचच बेचक्यात पुन्हा खाज.

घरात तर मेणाचा कण नव्हता. मी डोकं धरून बसले. मग एका नवरीचा हात हातात घेतला आणि वास आला. तिच्या हाताला क्रीम होतं. मागच्या बाईच्याही होतं. बाजाराला निघताना बाई तोंडाला लावते तेच हाताला लावते, आता खेड्यातल्या बायकाही लावतात, आणि आम्हीच कित्येकींना ते विकलं होतं. आधी बायका मला हात देत नव्हत्या. आता देत होत्या, तर तो घ्यायची मला भीती.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "साबणानं हात धुवायला सांगा, मग भरा." दुकानाबाहेर नळ आहे. मी तसं सांगू लागले. गावातल्या ओळखीच्या बायका हसायच्या आणि धुवून यायच्या. माझ्या डोक्यातही आलं नाही की यात कुणाला काही लागेल.

मग एक दिवस सिंदेवाहीकडच्या खेड्यातून एक बाई लेकीला घेऊन आली. लेकीचं लग्न होतं, चुडा भरायचा होता. दुकानात त्या वेळी कौसल्याबाई बसल्या होत्या, बांगड्या भरून झालेल्या. मी नेहमीसारखं म्हटलं, "आधी हात धुऊन घ्या, बाई. साबण तिथी हाये."

ती बाई जागची हलली नाही. तिनं कौसल्याबाईंच्या कोरड्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"यायनं धुतले काय?"

"धुतले नं, मघाशीच."

"मी तं नाई पाह्यले." तिचा आवाज चढला नाही. "माह्या मायले दुकानात वरतून पाणी टाकत, लांबून. ते काई बोलत नव्हती. माही लेक आता कॉलेजात जाते. तिचे हात धुवाले सांगता तुमी?"

तिनं लेकीचा हात धरला आणि ती बाहेर पडली.

तिला ही जुनी शिवाशिव वाटली, हे समजायला मला वेळ लागला. हात मागं घेतला की कसं वाटतं, हे मला या बाजारात कुणी सांगायला नको होतं. तीच मी, आणि त्या बाईला माझ्याच दुकानातून तसं उठून जावं लागलं. कौसल्याबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, गैरसमज झाला तिचा." मी जाऊ दिलं नाही. चप्पल न घालता मागे धावले आणि किराणा दुकानापाशी तिला गाठलं.

"बाई, तुमचे हात घाण हायेत म्हणून नाई," मी म्हटलं. धाप लागली होती, नीट सांगता येईना. मी दोन्ही हात तिच्यापुढे केले, उलटे सुलटे. बेचक्यातली साल, भेगांचे पांढरे वण, नखांच्या कडा. "क्रीम लागलं की माहे हात असे होते. तुमच्या लेकीनं लावलं असन तं मले बाधते. समद्यायलेच धुवाले लावतो. गेल्या साली लोक मले हात देत नव्हते, बाई. महारोग समजत."

तिनं माझे हात बराच वेळ पाहिले. बोट लावून पाहिलं.

"मंग पयले तुमी धुवा," ती म्हणाली. "माह्या समोर."

आम्ही परत आलो. नळावर मी आधी धुतले, मग लेकीनं, मग तिनं, एकाच साबणानं. एकाच टॉवेलला पुसले. मी लेकीला चुडा भरला. पूर्ण वेळ त्या बाईनं लेकीचं कोपर सोडलं नाही आणि तिची नजर माझ्या बोटांवर होती. तिनं माझ्यावर पुरता विश्वास ठेवला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

लेकीचं झाल्यावर तिनं कोपर सोडलं. मग खाली बसली आणि आपला हात पुढे केला. धानाच्या रोवणी-कापणीनं जाड झालेला, हाडं रुंद. असा हात क्रीमशिवाय भरणं म्हणजे परीक्षा. मी तिचा पंजा हातात घेतला, ओला केला, अंगठ्याचं हाड दाबलं. काच हाडावर अडली. माझ्या जुन्या भेगेत कळ गेली. तिनं ओठ दाबले.

"दुखलं काय?" मी विचारलं.

"दुखलं," ती म्हणाली. "तुमाले?"

"मलेबी."

"भरा," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.